वायरमनला परवाना, मग गवंड्याला का नाही?

फलटणसारख्या तालुक्याच्या गावी एक साधे दुमजली घर बांधायला घेतले, तर त्यावर किती प्रकारचे कारागीर राबतात याची यादी विद्यार्थ्यांना करायला सांगून पाहा. पाया खणणारे मजूर, गवंडी, त्याच्या हाताखालचे बिगारी, सळया कापून-वाकवून बांधणारा फिटर, सेंट्रिंगवाला, सुतार, प्लंबर, वायरमन, फरशीवाला, रंगारी अशी सहज दहा नावे होतील. आता या यादीपुढे दुसरा रकाना आखू या : ‘सरकारी परवाना नसताना यांपैकी कोणी काम केले तर ते नियमाविरुद्ध ठरते?’

हा रकाना जवळजवळ रिकामा राहतो. वायरमनपुढे ‘होय’ लिहावे लागते. अनेक नगरपालिका नळजोडणीसाठी परवानाधारक प्लंबरचा आग्रह धरतात, म्हणून तेथे ‘बहुधा’. नगरपरिषदेकडे नकाशा सादर करणारा आणि बांधकामावर देखरेख ठेवणारा अभियंता किंवा पर्यवेक्षक परवानाधारक हवा, पण तो कागदावर आणि अधूनमधून जागेवर असतो. ज्याच्या हातून प्रत्यक्ष भिंत उभी राहते आणि स्लॅब पडतो, त्या गवंड्याला कोणी कधी परीक्षेला बसवलेले नसते.

विजेचा धक्का माणूस मारतो हे खरे. पण भिंतही माणूस मारते. सातारा जिल्ह्याने ते पाहिले आहे. मग कायद्याने एका कारागिराची परीक्षा घ्यावी आणि दुसऱ्याची घेऊ नये, असे का झाले? प्रश्न कायद्याचा वाटतो, पण त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते, आणि शोधता शोधता आपण मोजमापाच्या शास्त्रापाशी येऊन पोचतो.

गावगाड्यातील गवंडी

जुन्या गावगाड्यात कारागिराला कामाचा अधिकार वतनाने मिळे. सुतार आणि लोहार हे बलुतेदार. गावाचे काम करण्याचा हक्क त्यांचा, आणि त्याबद्दल सुगीला धान्य मिळण्याचा हक्कही त्यांचाच. हा एका अर्थी परवानाच होता. फक्त तो कौशल्य तपासून दिलेला नसे, जन्माने मिळे. बाहेरच्या माणसाने कितीही चांगले काम केले तरी त्याला त्या गावात सहजी जागा नव्हती.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बारा बलुतेदारांच्या नेहमीच्या याद्यांत सुतार आणि लोहार असतात, गवंडी नसतो. सामान्य शेतकऱ्याचे घर मातीचे, दगडमातीचे असे. ते घरचे लोक आणि भावकी मिळून उभे करीत. लाकडाचे काम तेवढे सुताराकडे जाई. गवंडी, पाथरवट, बेलदार, वडार यांची गरज लागे ती वाडे, देवळे, विहिरी, बारवा आणि तटबंदी यांसाठी. अशी कामे जेथे निघतील तेथे ही मंडळी जात.

फलटणचे दगडी जबरेश्वर मंदिर किंवा नाईक-निंबाळकरांचा राजवाडा पाहिला की या लोकांच्या हातात काय होते ते कळते. त्यांची परीक्षा कशी होई? मुलगा लहानपणी बापाच्या किंवा मामाच्या हाताखाली चुना मळू लागे, मग दगड घडवायला शिके, आणि बऱ्याच वर्षांनी त्याच्या हाती ओळंबा येई. पुढे त्याने बांधलेली भिंतच त्याच्या वतीने बोले. काम देणारा सरदार किंवा देवस्थान आधीचे काम पाहून माणूस निवडी. बांधणारा आणि राहणारा एकमेकांना ओळखत होते, सामान तेच होते, पद्धत तीच होती, तोवर हे चालले.

या अनुभवात बरेच शास्त्र साठलेले होते. फलटणच्या आसपास बाणगंगा आणि नीरेच्या खोऱ्यांत काळी चिकण माती आहे. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा मातीवर पाया ठेवला तर घर दरवर्षी किंचित वर-खाली होते आणि भिंतींना तिरक्या भेगा पडतात. म्हणून ‘मुरूम लागेपर्यंत खणा’ हा जुन्या गवंड्यांचा नियम. त्या मातीतल्या खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते हे त्यांना ठाऊक नव्हते, पण परिणाम ठाऊक होता.

वाफ आणि वीज : नव्या धोक्याची परीक्षा

एकोणिसाव्या शतकात असे धोके आले की ज्यांचा अनुभव कोणाच्याच आजोबांना नव्हता. त्यांतला पहिला बॉयलर. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट होऊन अनेक माणसे दगावली. पुढच्याच वर्षी, १८६४ मध्ये, बंगालने बॉयलर तपासणीचा कायदा केला. हळूहळू इतर प्रांतांनीही कायदे केले, पण प्रत्येकाचा नियम वेगळा. एका प्रांतात बॉयलरवर प्रमाणपत्रधारक माणूस नेमणे सक्तीचे, तर दुसऱ्यात तशी गरजच नाही. हा गोंधळ १९२३ च्या भारतीय बाष्पक अधिनियमाने बराचसा मिटवला. आता त्याची जागा २०२५ च्या नव्या बाष्पक अधिनियमाने घेतली आहे.

फलटण तालुक्याला हा विषय परका नाही. नीरेच्या उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, उसामागे साखरवाडीचा कारखाना आला, आणि साखर कारखाना म्हणजे बॉयलर आलाच. त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या माणसाला परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. बॉयलरच्या उच्च दाबाच्या नळ्या जोडणाऱ्या वेल्डरलाही जोड करून दाखवावा लागतो, आणि तो जोड तपासूनच त्याला पात्र ठरवतात.

दुसरा नवा धोका विजेचा. १९०३ आणि १९१० मध्ये हिंदुस्थान सरकारने विजेचे कायदे केले. स्वातंत्र्यानंतर आलेल्या १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील ४५ वा नियम आपल्या विषयात फार महत्त्वाचा आहे. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली, तर ग्राहकाच्या जागेतील विजेचे काम तिघांनी मिळून करावे असे त्याने ठरवले. ठेकेदार परवानाधारक हवा, थेट देखरेख करणाऱ्याकडे सक्षमता प्रमाणपत्र हवे आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे अनुमतिपत्र हवे. म्हणजे पैसे घेणारा, डोळा ठेवणारा आणि हात चालवणारा या तिघांचीही जबाबदारी वेगवेगळी लिहून ठेवली. १९५६ चे नियम आता राहिले नाहीत. त्यांच्या जागी २०१० चे आणि नंतर २०२३ चे केंद्रीय विनियम आले, पण ही तिहेरी रचना टिकून आहे.

माणूस तपासावा की इमारत?

जगात या प्रश्नाकडे तीन वाटांनी पाहिले गेले. पहिली वाट शिक्षेची. बाबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यात (इ.स.पू. सुमारे १७५०) बांधलेले घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्याला मृत्युदंड सांगितला आहे. यात परीक्षा नाही, नियम नाही, फक्त परिणामाचा जाब आहे. पण जाब विचारला जातो तो माणूस मेल्यावर.

दुसरी वाट माणूस तपासण्याची. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने कारागिरांना सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली. शहरांतील कारागीरसंघ बाहेरच्यांना कामच करू देत नसत.

तिसरी वाट इमारतीचे नियम ठरवण्याची. सप्टेंबर १६६६ च्या आगीत लंडन शहराचा मोठा भाग जळाला. १६६७ च्या पुनर्बांधणी कायद्याने दोन गोष्टी एकाच वेळी केल्या. घरे विटांची किंवा दगडांची असावीत, कोणत्या मजल्याची भिंत किती जाड असावी, हे ठरवून दिले. आणि हात कमी पडत होते म्हणून संघाबाहेरच्या कारागिरांना शहरात सात वर्षे काम करायची मुभा दिली. म्हणजे ‘कोण बांधणार’ हे दार उघडले आणि ‘कसे बांधणार’ हे दार घट्ट केले.

आपल्याकडे बांधकामात प्रामुख्याने ही तिसरी वाट धरली गेली. सातारा-सांगलीकडे आज लागू असलेली राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० ची. मजल्यांची उंची, सोडायची जागा, जिन्याची रुंदी असे पुष्कळ काही तिच्यात आहे. भूकंपरोधक बांधकामाची भारतीय मानकेही आहेत. पण कागदावरचा नियम आणि भिंत यांच्यामध्ये एक हात असतो. तो हात नियम वाचत नाही.

कोयना आणि किल्लारी

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. सुमारे ६.३ परिमाणाच्या या भूकंपात सुमारे १८० माणसे मेली. धरण टिकले, पण दगडी बांधणीची घरे कोसळली. दख्खनचे पठार हलत नाही, या समजुतीला सातारा जिल्ह्यातच तडा गेला. मग ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादकडे किल्लारीचा भूकंप झाला. परिमाण जवळपास तेवढेच, ६.२. बळी मात्र सुमारे ८,०००.

भूकंपापेक्षा भिंतीने अधिक माणसे मारली, असे तेव्हा पाहणी करणाऱ्यांनी सांगितले. या भागातली दगडी भिंत दोन-अडीच फूट किंवा त्याहूनही जाड असे. जाडीमुळे ती मजबूत वाटे. पण आत पाहिले तर ती एक भिंत नव्हतीच. बाहेरच्या बाजूला दगडांचा एक थर, आतल्या बाजूला दुसरा, आणि मध्ये माती व दगडांच्या चिपा. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते किंवा फार थोडे होते. जमीन हलली की मधली भर खाली बसते, दोन्ही थर बाहेर ढकलले जातात, भिंतीला पोट येते आणि ती फुटते. वरून धाब्याच्या मातीचे ओझे अंगावर येते. भूकंप पहाटे झाल्यामुळे माणसे घरात झोपलेली होती.

यावर उपाय महागडा नाही. १९९३ च्याच भारतीय मानकात (आय. एस. १३८२८) तो सांगितला आहे. दगडी भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. उंचीत दर ६०० मिलिमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटर अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा एक दगड हवा. म्हणजे भिंत बारीक करा आणि तिला टाके घाला. येथे आधुनिक यंत्र लागत नाही. लागतो तो गवंड्याला माहीत असलेला आणि त्याने टाळायचा नाही असा एक दगड.

कागद आहेत, पण ते काय मोजतात?

बांधकामाच्या धंद्यात कागदच नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. ते आहेत, फक्त ते भलतेच काही मोजतात.

सार्वजनिक बांधकाम विभागाकडे ठेकेदारांची वर्गवार नोंदणी होते. कोणता वर्ग किती रुपयांपर्यंतचे काम घेऊ शकतो हे ती सांगते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने २० किंवा अधिक कामगार लावणाऱ्या ठेकेदाराला परवाना लागू केला. महाराष्ट्राने ही संख्या पुढे ५० केली. हा परवाना डोकी मोजतो. बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा कायदा झाला आणि त्याखाली महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ आले. तेथे नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. कामगाराच्या दृष्टीने ही फार मोलाची सोय आहे, पण ती दिवस मोजते. हे दोन्ही कायदे आता श्रमसंहितांत सामावले गेले आहेत आणि त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. मोजण्याची रीत तीच राहिली.

वास्तुविशारदांचेही असेच. १९७२ च्या कायद्याने नोंदणी नसलेल्याला ‘वास्तुविशारद’ हे बिरुद लावायला मनाई केली. त्या कायद्याने बिरुदाला संरक्षण आहे, इमारतीचे आरेखन करण्याच्या कामाला नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला.

म्हणजे रुपये मोजले गेले, डोकी मोजली गेली, दिवस मोजले गेले, बिरुदे मोजली गेली. गवंड्याचा हात मोजला गेला नाही.

मेगर आणि गिलावा

असे का, याचे एक कारण आम्हांला मोजमापात दिसते. वायरिंग पुरे झाले की ५०० व्होल्टचा मेगर लावून तारेच्या आवरणाचा रोध मोजता येतो. छोट्या घराला तो सर्वसाधारणपणे निदान १ मेगओहम भरला पाहिजे. एका मिनिटात काटा किंवा आकडा निकाल देतो. बॉयलरमध्ये पाणी भरून नेहमीपेक्षा जास्त दाब देता येतो. गळला की चूक समोर आली. जे मोजता येते त्याला कायदा लवकर हात घालतो. शिवाय धक्का आणि स्फोट ताबडतोब होतात, त्यामुळे चूक कोणाची हेही लगेच विचारले जाते.

भिंतीचे तसे नाही. गिलावा झाला की आरपार दगड आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. काँक्रीटमध्ये गवंड्याने किती पाणी घातले हेही नंतर पाहून कळत नाही. चूक वीस-पंचवीस वर्षे मुकाट बसून राहते आणि जमीन हलेल त्या दिवशी बोलते. तोवर गवंडी, ठेकेदार आणि कधी कधी मालकही बदललेला असतो.

पाण्याचे उदाहरण शिक्षकांना वर्गात सांगता येईल. आय. एस. ४५६ या मानकाप्रमाणे एम-२० प्रतीच्या साध्या मिश्रणात ५० किलोच्या सिमेंटच्या पोत्याला ३० लिटर पाणी पुरते. मिश्रण घट्ट असले की ते पसरायला कष्ट पडतात. म्हणून कामावर आणखी एक बादली ओतली जाते. तेच पाणी ४० लिटर झाले तर पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.६ चे ०.८ होते. जास्तीचे पाणी नंतर उडून जाते आणि मागे सूक्ष्म पोकळ्या ठेवते. ताकद एकतृतीयांशाच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक घटते. हा संबंध डफ अब्राम्स या अमेरिकन संशोधकाने १९१८ मध्ये मांडला. मोठ्या कामावर १५ सेंटिमीटरचे ठोकळे ओतून २८ दिवसांनी दाबून पाहतात. गावातल्या घरासाठी हे सहसा कोणी करीत नाही.

येथे या विषयातला उलटा न्याय लक्षात येतो. वायरमनचे काम नंतर तपासता येते, तरी आपण त्याला आधीही तपासतो. गवंड्याचे काम नंतर तपासणे अवघड आहे, म्हणून त्याचे कौशल्य आधी पाहणे अधिक गरजेचे आहे, आणि नेमके तेच आपण करीत नाही.

परवाना म्हणजे कुंपणही

मग उद्यापासून प्रत्येक गवंड्याला परवाना सक्तीचा करावा का? इतक्या घाईने हो म्हणता येत नाही. परवाना जसा ग्राहकाचे रक्षण करतो तसा तो आत असलेल्यांचे बाहेरच्यांपासूनही रक्षण करतो. इंग्लंडमधील सात वर्षांच्या उमेदवारीवर अॅडम स्मिथने १७७६ मध्ये याच कारणासाठी टीका केली होती. १८१४ मध्ये ती अट रद्द झाली.

जर्मनीचा अनुभव ताजा आहे. तेथे अनेक व्यवसायांत ‘माइस्टर’ म्हणजे उस्तादाची परीक्षा दिल्याशिवाय स्वतःचा धंदा काढता येत नसे. २००४ मध्ये ९४ पैकी ५३ व्यवसायांची ही अट काढली. २०२० मध्ये त्यांतील १२ व्यवसायांना ती पुन्हा लावली. फरशीकाम त्यांतच आले. गवंडीकाम आणि काँक्रीटकाम यांची अट मात्र या सगळ्या काळात कधीच निघाली नाही. अमेरिकेत हा विषय राज्यांकडे आहे. कॅलिफोर्नियाने १९२९ पासून ठेकेदारांना परवाना लावला, तर काही राज्यांनी तो गावांवर सोडला आहे.

आपल्याकडे गवंडी होणारा माणूस बहुधा बिगारी म्हणून सुरुवात करतो. घमेली वाहता वाहता तो थापी हातात घेतो. शाळा सुटलेली असते, कामासाठी गाव बदलत राहते. फी, अर्ज, लेखी पेपर अशी परीक्षा ठेवली तर जो उत्तम भिंत बांधतो तोच नापास होईल आणि परवाना ठेकेदाराच्या खिशात जाईल. बाईची गोष्ट तर आणखी वेगळी. ती वर्षानुवर्षे माल कालवते आणि वाहते, पण ओळंबा तिच्या हाती क्वचितच दिला जातो. चुकीच्या पद्धतीने आलेला परवाना ही रीतच कायम करील. जन्माने मिळणाऱ्या वतनातून आपण महाप्रयासाने बाहेर पडलो आहोत. दाखल्याने मिळणारे नवे वतन आपल्याला नको.

यातून मार्ग आहे. आमच्या मते परीक्षा हाताची असावी, कामाच्या जागी व्हावी आणि फुकट असावी. कोपरा काटकोनात आहे का, भिंत ओळंब्यात आहे का, आरपार दगड कोठे घातला, पोत्याला किती पाणी घेतले, ‘पाणी मारणे’ किमान सात दिवस का चालू ठेवायचे, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. गुजरातमध्ये २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर गवंड्यांना शिकवून, चाचणी घेऊन प्रमाणपत्रे देण्याची योजना राबवली गेली. केंद्र सरकारच्या कौशल्य योजनेतही २०१५ पासून कामावर मिळवलेल्या कौशल्याची चाचणी घेऊन दाखला देण्याची तरतूद आली. आधी सक्तीशिवाय दाखला, मग सरकारी घरकुलांसारख्या कामांवर दाखला असलेल्यांना प्राधान्य आणि थोडी जास्त मजुरी, अशा क्रमाने जाता येईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या व्यवसायांच्या यादीत तारतंत्री, वीजतंत्री, जोडारी, कातारी, संधाता यांच्या बरोबरीने ‘गवंडी’ हेही नाव आहे. पण तारतंत्रीच्या शिक्षणाला पुढे परवान्याची वाट आहे, गवंड्याच्या शिक्षणाला नाही. म्हणून तिकडे मुले वळत नाहीत.

शाळेत काय करता येईल

नववी-दहावीच्या मुलांना घेऊन दोन छोटे प्रयोग जरूर करावेत. पहिल्यात सिमेंट-वाळूच्या एकाच मिश्रणात पाण्याचे प्रमाण बदलून एकाच मापाच्या पट्ट्या ओता, त्या सारख्याच काळ ओल्या ठेवा आणि २८ दिवसांनी मध्यभागी वजने टांगून कोणती किती वजनाला मोडते ते लिहा. दुसऱ्यात ट्रेमध्ये खडे आणि माती यांच्या दोन छोट्या भिंती रचा. एकीत आरपार जाणारे लांब खडे घाला, दुसरीत घालू नका. मग ट्रे हलवा.

त्यानंतर गावातल्या एखाद्या अनुभवी गवंड्याला वर्गात बोलवावे आणि हे निकाल दाखवून त्याचे मत विचारावे. त्याला मुरूम का शोधायचा हे ठाऊक असेल, मुलांना माती का फुगते हे ठाऊक असेल. दोघांकडचे अर्धे-अर्धे ज्ञान एका टेबलावर आले तर त्या गावात पुढे बांधल्या जाणाऱ्या निदान काही भिंतींत तो आरपार दगड नक्की बसेल.